मागाच्या खड्ड्यातलं लाल पाणी

माय,

आज पाचवीच्या वर्गात पाण्याचा धडा घेत होते. सध्या सकाळची शाळा आहे, तरी साडेनवालाच वरचे पत्रे तापतात आणि पोरी पेंगायला लागतात. पाणी कशाकशाने खराब होतं ते मी फळ्यावर एकाखाली एक मांडत होते. विहिरीच्या काठावर धुणं, गुरं धुणं, उघडी गटारं, शेजारचा संडास, मेलेलं जनावर, रंगाचं आणि कारखान्याचं पाणी. 'रंगाचं' हा शब्द लिहिताना दरवर्षी माझा हात जरा घाई करतो, तशी आजही केली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. म्हणाली, "बाई, माझी आजी म्हणते लाल पाण्यानंच तिचं पहिलं बाळ गेलं. मग म्युनिसिपालटीवाले आमच्या विहिरीत लाल औषध काहून टाकून राहिले?" खडू तसाच फळ्याला टेकून राहिला माझा. ही पोरगी कोण, तर आपल्या समोरच्या घरातल्या वहिनीची नात. हो, त्याच वहिनीची. कपाळ तसंच, बोलताना मान वाकडी करायची सवयही तशीच. शाळेत घातली तेव्हाच मी ओळखली होती, पण वर्षभर तिच्याशी कामापलीकडे बोलले नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तिला नीट दिलं, मास्तरणीला येतं तेवढं. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. त्याचं काय उत्तर दिलं ते आत्ता लिहायची हिंमत नाही, आधी बाकीचं लिहिते.

तुला जाऊन वीस वर्षं झाली आणि ती विहीर बुजवून त्याहून जास्त. तरी आपली पडवी मला आजही अशी दिसते की डोळे मिटायची गरज पडत नाही. डावीकडे चूल, चुलीवर रंगाचा हांडा, पलीकडे दगडाची नांद, आणि बांबूवर ओळीने वाळत घातलेल्या सुताच्या लड्या. लाल, पिवळ्या, जांभळ्या. तू हांड्यावर वाकली आहेस, काठीनं लडी फिरवते आहेस, पदर कमरेला करकचून खोचलेला. बाबा गेल्यावर त्यांचा माग विकला गेला, पण तुझे हात कोणी विकत घेऊ शकत नव्हतं. उमरेडच्या माहेराहून तू रंगाची विद्या घेऊन आली होतीस, आणि अख्ख्या गल्लीतल्या मागांवर तूच रंगवलेलं सूत चढायचं. डब्यातला विलायती रंग सगळेच आणायचे, पण तो सुतावर बसवणं तुलाच जमायचं. तू नुसतं पाणी जिभेवर घेऊन सांगायचीस, हे खारं आहे, ह्याच्यात लाल फुलणार नाही, ते गोडं आहे, त्याच्यात पिवळा उघडन. गल्लीतले म्हातारे विणकरसुद्धा नव्या विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन तुझ्याकडे यायचे. मला केवढा तोरा होता त्याचा! तुझे हात कोपरापर्यंत लाल असायचे आणि मला वाटायचं, राणीच्या हाताला मेंदी असते तशी ही आपल्या मायची आहे.

रंग काढून झाला की उरलेलं पाणी बाहेर नेऊन टाकायचं काम माझं. दोन मडकी, एक डोक्यावर, एक कमरेवर. तुझा नियम एकच होता आणि तो तू मला मारून शिकवला होतास. मी आठ वर्षांची असेन. मडकं जड झालं म्हणून थोडं पाणी विहिरीच्या ओट्याखाली सांडून दिलं, तांब्याभर फार तर. तू कुठून पाहिलंस देव जाणे, हांडा सोडून धावत आलीस आणि ओल्या हाताची अशी चपराक दिलीस की पाचही बोटं लाल उमटली. नुसती माराने नाही, रंगानेही. "पोट्टे, सारी गल्ली पाणी पेते ह्या विहिरीचं! रंगाचं पाणी नाल्यावरच गेलं पाह्यजे. इथं एक थेंब पडला तं हात तोडीन तुहा." चार दिवस तो पंजा गालावर घेऊन मी शाळेत गेले. घासून घासून गाल सोलला, पण तुझा रंग तो, उतरतो कशाला!

म्हणून मी नाल्यावर जायची. गल्ली संपली की पडकी भिंत, मग बाभळी, मग नाला. ओतलं की पाणी लाल दोरीसारखं वाहत जायचं आणि वळणावर दिसेनासं व्हायचं. दिसेनासं झालं म्हणजे गेलं, असं तुलाही वाटायचं आणि मलाही. कुठे गेलं, हा प्रश्न आपल्या दोघींना कधी पडला नाही. तो पाडला एका धोबिणीनं. मी अकराची झाले त्या वर्षी, फाल्गुनात नाला बारीक झाला होता, आणि वळणाच्या खाली ती कुणातरी वकिलाची धोतरं धूत होती. मी ओतलं आणि थोड्या वेळानं खालून अशी बोंब उठली की बाभळीवरचे कावळे उडाले. ती धावतच वर आली. हातात गुलाबी झालेलं धोतर. "हे पाह्य! हे पाह्य काय केलं तं! आता वकील मले काय म्हनन? रंगवालीची पोट्टी ना तू? पुन्हा ह्या नाल्यावर दिसली तं धोतरासंगं तुलेबी दगडावर आपटीन, सांगून ठेवतो!" आणि ती खरंच आपटेल अशीच होती. मी मडकी तिथेच टाकून पळाले. आता माझ्या एका बाजूला ती धोबीण होती आणि दुसऱ्या बाजूला तुझा हात. तुला येऊन सांगितलं असतं तर तू स्वतः तिच्याशी भांडायला गेली असतीस, नाहीतर दुसरी जागा शोधली असतीस. पण मी बोलले नाही. मूग गिळून बसायची माझी खोड तेव्हापासूनची आहे.

मागच्या अंगाला बाबांच्या मागाची खोली होती. माग गेला होता, खड्डा तसाच होता. विणकर पाय सोडून बसतो तो, पुरुषाच्या कमरेइतका खोल. त्याच्यावर तू फळ्या टाकून ठेवल्या होत्यास आणि दिवाळीला तिथे पणती लावायचीस. मी एक फळी सरकवली आणि दोन्ही मडकी आत ओतली. खड्ड्यानं ती अशी पिऊन टाकली की मी पाहतच राहिले. तळाशी उंदरांची बिळं होती, भिंतीला भेगा होत्या, घटकाभरात तळ कोरडा. मला इतका आनंद झाला काय सांगू! ना धोबीण, ना ऊन, ना नाल्याची पायपीट. मी मडकी घेऊन बाहेर पडायची, गल्लीला वळसा घालून मागच्या दाराने आत यायची, ओतायची, फळी सरकवायची, आणि नाल्यावर जाऊन यायला लागेल तेवढा वेळ तिथेच बसून चिंचा खायची. होळीपासून चैत्र संपेपर्यंत रोज. खोलीच्या भिंतीपलीकडे गल्लीच्या संडासांची नाली वाहायची आणि खड्ड्यापासून विहीर पंधरा पावलांवर होती, हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज डोळ्यांनी पाहत होते. फक्त ह्या तीन गोष्टी मी डोक्यात कधी एकीशेजारी एक ठेवल्या नाहीत.

मग हैजा आला, आता पुस्तकात कॉलरा म्हणतात तो. आधी नदीपलीकडे, मग बाजारात, मग आपल्या पलीकडच्या गल्लीत दोन घरी. म्युनिसिपालटीचा माणूस खाकी टोपी घालून, बादली घेऊन आला आणि आपल्या विहिरीत लाल औषध ओतलं. पाणी एकदम जांभळं-लाल झालं. बाया ओट्यावरून मागे सरकल्या. तो म्हणाला, "आज पेऊ नका, उद्या सकाळपासून प्या. लाल दिसून राहिलं म्हणजे समजा दवा काम करून राहिली. दोन-तीन दिसांत रंग उतरन, मंग पुन्हा टाकू." तो गेला आणि दुसऱ्या दिवशी कोणीच विहिरीला हात लावेना. सरकारनं विष टाकलं म्हणून एक म्हातारा ओरडायला लागला. तेव्हा तू पडवीतून बाहेर आलीस. तांब्या बुडवलास, उन्हात धरलास, जिभेवर घेतलंस. म्हणालीस, "सारी जिंदगी लाल पाण्यात गेली माही, मले नका शिकवू. हे पाहा, पेली मी." आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा तांब्या रिकामा केलास. मग समोरची वहिनी हसत पुढे आली, आठवा महिना लागलेला तिला, आणि म्हणाली, "काकू पेल्या ना, मंग मलेबी द्या." तुझ्या शब्दावर गल्ली पाणी प्यायली, माय. हे मी कधी विसरले नाही आणि गल्लीही विसरली नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी तपकिरी झालं, चौथ्या दिवशी जवळजवळ स्वच्छ, आणि पाचव्या दिवशी पुन्हा गुलाबी दिसायला लागलं. उन्हाळ्याची विहीर, पाणी खाली गेलेलं, त्यामुळे रंग आणखी उठून दिसायचा. गल्लीला आनंद झाला. 'दवा अजून जिवंत आहे,' असं एकमेकींना सांगत बाया पितळी गुंड भरून नेत होत्या. कोणी पाणी उकळत होतं ते बंद केलं, कोणी मोठ्या रस्त्यावरच्या आंबाझरी तलावाच्या नळावर जात होतं ते थांबलं. मी पाणी गाळायचं फडकं पिळलं आणि बघते तर ते गुलाबी. औषधाच्या पाण्यानं पहिल्या दिवशी तेच फडकं तपकिरी झालं होतं. रंगारणीची पोर होते मी! औषधाचं लाल सुतावर टिकत नाही, गंजासारखं तपकिरी होतं, आणि आपलं लाल गुलाबी राहतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं.  मी ते फडकं चुलीत घातलं. आणि मग काय केलं माहीत आहे तुला? दोन्ही गुंड घेऊन नळावर गेले, रांगेत तासभर उभी राहिले, आणि आपल्या घरापुरतं नळाचं पाणी आणलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. तू विचारलंस तेव्हा म्हटलं, शाळेच्या बाईंनी सांगितलंय. तू प्यायलीस आणि म्हणालीस, गोडं आहे. खड्ड्यात ओतणं मात्र मी बंद केलं. त्या तीन दिवसांचं रंगाचं पाणी पोतेऱ्यात शोषून मी बाभळीखाली पिळत होते. पण आधीचं मुरलेलं उतरतच होतं.

नळाच्या पाण्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी ओट्यावर पाणी शेंदत होती. मी नळावरून परत येत होते, घामाघूम. ती म्हणाली, "काहून वं, एवढ्या उन्हात नळावर काहून जाऊन राहिली? आपली विहीर का आटली?" मी म्हटलं, "बाईंनी सांगितलं." ती म्हणाली, "तुह्या बाईले म्हण, आमच्या विहिरीत सरकारी दवा आहे." आणि हसली. तिची घागर काठोकाठ भरली होती, कडेवरून गुलाबी थेंब तिच्या पोटावर सांडत होते. माझ्या डोक्यावर चांगलं पाणी होतं. ओठाशी शब्द आला होता, शपथेवर सांगते. एवढंच म्हणायचं होतं, वहिनी, नका पिऊ. पण पुढचा प्रश्न 'काहून' असणार होता, आणि त्या काहूनचं उत्तर मागाच्या खड्ड्यात होतं. मी घरात आले. तिला मी आजही तशीच पाहते, कडेवर घागर, मान वाकडी.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरात धावपळ. वहिनीला पहाटेपासून जुलाब आणि ओकाऱ्या. तू गेलीस, लगेच परत आलीस, मीठ-साखर घेऊन पुन्हा गेलीस. दुसऱ्या खेपेला परत आलीस तेव्हा चेहरा उतरलेला. हाताला काहीतरी काम हवं म्हणून असेल, आदल्या दिवशी विहिरीच्या पाण्यात भिजत घातलेली पांढऱ्या सुताची लडी तू नांदीतून उचललीस. आणि थांबलीस. मी चुलीपाशी होते. तू लडी उन्हात धरलीस, पिळलीस, वास घेतलास, सुताचं टोक जिभेला लावलंस.  तू हळूच म्हणालीस, "हे औषध नाही." मग माझ्याकडे पाहिलंस. "रंगाचं पाणी कुठं ओतून राहिली तू?"

मी म्हटलं, "नाल्यावर, माय."

तू लडी तशीच घेऊन मागच्या खोलीत गेलीस. फळी सरकल्याचा आवाज आला. मी हलले नाही. तू बराच वेळ आत होतीस, म्हणजे मला तसं वाटलं. बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हाताला ओली लाल माती होती. मी तयार होते. तू मारावंस म्हणून मी गाल पुढे केला होता, खरं सांगते. तू माझ्या शेजारून गेलीस, मला हात न लावता, आणि तशीच लडी हातात घेऊन विहिरीच्या ओट्यावर चढलीस.

"ऐका वं बायांनो! ऐका गा साऱ्यांनी! ह्या विहिरीचं पाणी आतापासून कोणी पेऊ नका. ही दवा नाही. हा माहा रंग आहे. संडासाच्या नालीपाशी माह्या घरात खड्डा आहे, तिथून सारं खराब पाणी विहिरीत उतरून राहिलं. मीच ओतलं त्या खड्ड्यात." तू लडी वर धरली होतीस. एकदम सगळे बोलायला लागले. वहिनीची सासू दारातून धावत आली, केस सुटलेले. "रंगवाले! तूच तं पेऊन दाखोलं होतं वं! तुह्या शब्दावर पेली माही सून! पोटुशी आहे ते!" तू म्हणालीस, "हो." मग कोणीतरी ओरडलं, बाई की पुरुष मला आठवत नाही, "आन् हे स्वतः नळाचं पाणी पेते! तीन दिस झाले, पोट्टीले उन्हात नळावर धाडून राहिली! हिले माहीत होतं!"

हे तुला माहीत नव्हतं, माय. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तुझ्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तुला आत्ता कळलं, आत्ता ह्या क्षणी, नळावर मी काहून जात होते. खड्ड्याचं तू सोसलं होतंस, ते पोरीचं चुकणं होतं. पण हे दुसरं होतं. मला माहीत होतं आणि मी फक्त आपलं घर वाचवलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं फिरलं असतं. तू माझ्या तोंडाकडे पाहत होतीस. वाट पाहत होतीस का? मग तू गल्लीकडे तोंड केलंस आणि म्हणालीस, "हो, पेलं." एवढंच. एक मडकं येऊन तुझ्या पायाशी फुटलं.

वहिनी वाचली. बाळ पोटातच गेलं. त्याच आठवड्यात पुढच्या टोकाचा एक म्हातारा विणकर गेला आणि एक धाकटी पोर. खाकी टोपीवाला परत आला, त्याच्या मागून एक साहेब आला, खड्डा पाहिला, नाली पाहिली, विहिरीला आतून पाझर दाखवला. तो म्हणाला, रंगानं कोणी मेलेलं नाही, रोग नालीतून आला, रंगानं फक्त वाट दाखवली. हे त्यानं हिंदीत सांगितलं, तेही ओट्यावर उभं राहून, पण ऐकायला कोणी उरलं नव्हतं. गल्लीला एवढंच ठाऊक झालं की रंगवालीला माहीत होतं. तुझ्याकडे सूत येणं बंद झालं. तू हांडा मोडीत दिलीस, नांद तिथेच सोडलीस, सक्करदऱ्याच्या बाजूला खोली घेतलीस आणि गिरणीत रिळं भरायला जायला लागलीस. तुझे हात हळूहळू पांढरे पडले. मला ते बघवायचे नाहीत.

आणि माझं काय झालं ते बघ. तुझ्या नावामुळे मला एकही स्थळ आलं नाही. स्थळ आलं नाही म्हणून माझी शाळा चालू राहिली, शाळा चालू राहिली म्हणून मी मास्तरीण झाले. लोक म्हणतात, त्या काळात आईनं पोरीला शिकवलं, केवढी धीराची! मी मान डोलावते. ट्रेनिंगला निघाले त्या दिवशी तू पेटीत काहीतरी फडक्यात गुंडाळून ठेवलंस. उघडलं तर तीच लडी. धुतलेली, घडी घातलेली, तशीच गुलाबी. काही बोलली नाहीस. शिक्षा म्हणून दिलीस की आठवण म्हणून, की रंगारणीच्या घरात द्यायला दुसरं काहीच उरलं नव्हतं म्हणून, हे मी विचारलं नाही. अकरा वर्षांची होते तेव्हापासून तू जाईपर्यंत आपण एका चुलीवर जेवलो आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नाही. तू मला रागावली असतीस तर बरं झालं असतं. मला राग येतो तुझा कधीकधी, इतका येतो! मारायचं होतंस ना ग. एका चपराकीनं मी मोकळी झाले असते, आणि तूही. तू गेलीस तेव्हा जुन्या गल्लीतलं कोणी आलं नाही. वहिनीच्या घरी मी निरोप धाडला होता. निरोप घेऊन गेलेला माणूस परत येऊन म्हणाला, दार उघडलं आणि लावून घेतलं.

ट्रेनिंगमध्ये पाण्याचा धडा शिकले तेव्हा मी सगळं पुस्तक उलटंपालटं केलं. दिसणारी घाण वेगळी आणि न दिसणारी वेगळी, हे त्यात होतं. रंगाचं पाणी बदनाम होतं कारण ते दिसतं, आणि नितळ पाणी माणूस मारतं, हेही होतं. मला जे हवं होतं ते नव्हतं. नालीची वाट विहिरीपर्यंत आधीपासून होती आणि माझ्या रंगानं ती फक्त दाखवली, की दीड-दोन महिने रोज दोन मडकी ओतून मीच ती वाट मोकळी केली? साहेब म्हणाला ते खरं असेल तर माझ्या चुकीमुळे गल्लीला वेळेवर कळलं असतं आणि लोक वाचले असते, फक्त मी तीन दिवस गप्प राहिले नसते तर. आणि खरं नसेल तर मग बोलायलाच नको. ह्या दोन्हींतून सुटका कुठेच नाही, मी शोधून पाहिली आहे. आणि पुस्तकातल्या कारणांत एक कारण कधीच नसतं, नाल्यापर्यंत जायचा कंटाळा आणि धोबिणीची भीती. ते मी फळ्यावर कधी लिहिलं नाही. त्या धोबिणीचं धोतर मात्र मला आता समजतं. आपण ओततो त्याच्या खाली कोणीतरी उभं असतंच.

आता तो दुसरा प्रश्न. पोरीला मी सांगितलं की म्युनिसिपालटीचं लाल औषध चांगलं असतं, तुझ्या आजीच्या विहिरीतलं लाल औषध नव्हतं, तो सुताचा रंग होता, आणि बाळ रंगानं नाही, घाणीच्या पाण्यानं गेलं. पोरगी बसेना. मान वाकडी करून म्हणाली, "पण बाई, आजी म्हणते त्या रंगवालीले सारं माहीत होतं, ते स्वतः नळाचं पाणी पेत होती. खरंच माहीत होतं का तिले?" पस्तीस वर्षांनी तोच प्रश्न, तेच तोंड, आणि ह्या खेपेला मला कोणी मारणार नव्हतं, माझी नोकरी जाणार नव्हती, तुला कोणी मडकं फेकून मारणार नव्हतं. चाळीस पोरी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "असेल." आणि फळा पुसायला वळले.

वहिनी दोन गल्ल्या पलीकडे राहते, मला घर माहीत आहे, शाळेतून जाताना त्याच रस्त्यानं जाते मी. लडी इथे टेबलावर आहे, ह्या कागदाच्या शेजारी. हे सगळं खरं तर तिला जाऊन सांगायचं होतं, आणि मी तुला लिहीत बसले, कारण तू काही विचारणार नाहीस.